गरम पाण्यात शाई पटकन पसरते ती कणांच्या वेगामुळेच ना? लेकीच्या प्रश्नावर अडलेय

अकोलावाली:
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिला विषय मिळालाय द्रवावर उष्णतेचा परिणाम आणि कणांची हालचाल. सगळे करतात तोच प्रयोग करायचं ठरलं, दोन काचेचे ग्लास, एकात उकळून जरा निवलेलं पाणी आणि एकात फ्रिजमधलं, दोन्हीत ड्रॉपरने शाईचा एकेक थेंब. शाई फार गडद होती म्हणून आधी साध्या पाण्यात चांगली पातळ करून घेतली होती. गरम ग्लासात थेंब पडला तो सरळ तळाला गेला, मग धागे धागे निघाले, भोवरे झाले आणि बघता बघता अख्खा ग्लास निळा. थंड ग्लासात मात्र शाई वरच बसली, वर निळी साय आल्यासारखी आणि खाली पाणी स्वच्छ, जेवणं उरकून येऊन बघितलं तरी तसंच.

मी तिला सांगितलं की गरम पाण्यातले कण जोरात पळतात म्हणून शाई पटकन पसरली, थंडमधले हळू पळतात म्हणून नाही पसरली, झालं. तर म्हणते, आई, हळू पळत असतील तर हळूहळू का होईना सगळीकडे सारखीच पसरायला पाहिजे ना, वर आणि खाली असं कणांना कसं कळतं? गरम ग्लासात ती खालीच का गेली आणि थंडमध्ये वरच का राहिली? आता काहून ते मलाही कळेना. नवरा म्हणतो पुस्तकात आहे ते लिही आणि मोकळी हो. पण प्रदर्शनात परीक्षकांनी हाच प्रश्न विचारला तर पोरगी काय सांगेल. शिवाय तिला चार्टवर आकडा लिहायचाय की गरम पाण्यातले कण थंड पाण्यातल्यापेक्षा किती पट जोरात पळतात. कोणी नीट समजावून सांगेल का, माझं बारावीनंतर सायन्स सुटलंय.

पुस्तकी_किडा:
सिंपल आहे ताई. तापमान वाढलं की कणांची गतिज ऊर्जा वाढते, त्यामुळे विसरण, म्हणजे कणांचं आपोआप पसरत जाणं, वेगाने होतं. थंडमध्ये उलट. एवढंच लिहा, मार्क मिळतील. जास्त डोकं लावू नका.

लॅबवाली_मावशी:
किड्या, तू लिहिलंस ते वाक्य बरोबर आहे पण त्यातून लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पोरगी हुशार आहे हो अकोलावाली, तिने नेमका प्रयोगाच्या वर्मावर बोट ठेवलंय. कॉलेजच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

तुम्ही बघितलं त्यातलं बहुतेक सगळं विसरण नव्हतंच, ते होतं अभिसरण. म्हणजे एकेक कण आपापला भटकत गेला असं नाही तर पाण्याचे आख्खेच्या आख्खे लोट वरखाली झाले आणि शाई त्यांच्यावर स्वार होऊन गेली. आता वर की खाली हे कोण ठरवतं, तर वजन. पाणी तापलं की प्रसरण पावतं म्हणजे तेवढ्याच जागेत कमी पाणी मावतं. एक लिटर पाणी ८ डिग्रीला साधारण १००० ग्रॅम भरतं, ३० डिग्रीला ९९६ च्या आसपास आणि ८० डिग्रीला ९७२. तुम्ही शाई पातळ केली होती म्हणजे तो थेंब जवळजवळ खोलीच्या तापमानाचं रंगीत पाणीच होता, अकोल्यात ऑक्टोबरात ३० डिग्री तर सहज धरा. हा ३० डिग्रीचा थेंब ८० डिग्रीच्या पाण्यात टाकला की तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा लिटरमागे २४ ग्रॅमने जड, मग तो खाली बुडणारच. तोच थेंब फ्रिजच्या पाण्यात टाकला की लिटरमागे ४ ग्रॅमने हलका, म्हणून वर तरंगला. ४ ग्रॅम ऐकायला काहीच नाही वाटत पण ग्लास न हलवता ठेवला तर तेवढ्यावर थर टिकतो, तुम्ही स्वतः बघितलाच. कणांना वरखाली कळत नाही हे लेकीचं म्हणणं शंभर टक्के खरं, लोटांना कळतं.

आणि गरम ग्लासात थेंब बुडून गेल्यावरही ढवळाढवळ चालूच राहते, कारण वरून वाफ जाते, काचेच्या कडेने पाणी निवतं, निवलेलं जड होऊन खाली उतरतं आणि मधलं गरम वर येतं. ते धागे आणि भोवरे म्हणजे हाच कारभार. थंड ग्लासात असं होत नाही, तिथे बाहेरून ऊब लागून कडेचं पाणी वर सरकतं आणि वरच जाऊन बसतं, म्हणजे थर मोडायच्या ऐवजी अजून पक्का होतो.

नुसत्या विसरणावर सोडलं तर किती वेळ लागेल तेही सांगते, ऐकून हसाल. शाईच्या रंगासारख्या लहान रेणूला स्थिर पाण्यात खोलीच्या तापमानाला एक सेंटिमीटर सरकायला साधारण एक दिवस लागतो. आणि इथे गंमत अशी की अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, म्हणून दहा सेंटिमीटर उंचीचा ग्लास नुसत्या कणांच्या भटकंतीने रंगायला तीन-चार महिने. पाणी गरम असलं तरी महिन्याभराच्या खाली काम नाही. तुमचा ग्लास बघता बघता रंगला, मग ते कणांनी एकट्याने केलंय असं म्हणायला तोंडच नाही उरत.

सांगलीकर_तिरकस:
मावशी मग काय सगळ्या शाळा इतकी वर्षं चुकीचा प्रयोग करतायत असं म्हणायचंय का. आमच्या सरांनी हाच दाखवला, माझ्या पोराच्या मॅडमनी हाच दाखवला. गरम केल्यावर कण जोरात हलतात हे तर खरं आहे ना, मग उगाच कीस पाडायचा कशाला. आठवीच्या पोरांना लोट बिट सांगून गोंधळ होणार.

लॅबवाली_मावशी:
तिरकसराव, कण जोरात हलतात हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो ग्लास त्याचा पुरावा नाही. आणि गोंधळ म्हणाल तर तो लोट न सांगितल्यामुळेच झालाय की, पोरगी विचारतेय वरच का राहिली आणि घरात कोणाकडे उत्तर नाही. लोटांचं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं.

विश्वास नसेल तर घरच्या घरी उलटं करून बघा. रंगीत पाणी तापवून घ्या आणि थंड पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडा. यात रंगाचे कण गरम, म्हणजे तुमच्या हिशोबाने जोरात पळणारे, तरी ते खाली येत नाहीत, वर ढिम्म बसून राहतात. आता थंड रंगीत पाणी गरम पाण्यावर सोडा, ते धाडकन तळाला. कणांच्या वेगाने ठरत असतं तर असं झालं नसतं. बादलीत हिटरचा रॉड अर्ध्यापर्यंतच बुडवला तर काय होतं आठवा, वरचं पाणी हात भाजेल इतकं आणि तळाचं गार. पाणी मुळात उष्णता पुढे ढकलण्यात फार आळशी आहे, वर तापलेलं हलकं पाणी वरच राहतं आणि रॉडच्या खालचं तसंच पडून राहतं. आंघोळीआधी तांब्याने ढवळायचं ते यासाठीच.

अकोलावाली:
मावशी!! लेकीला वाचून दाखवलं, ती नाचायला लागली की मी बरोबर होते म्हणून. चमच्याचं आत्ताच करून बघितलं, खरंच वर बसतं. पण आता पंचाईत अशी की विषयात "कणांची हालचाल" असं लिहिलंय आणि आमच्या प्रयोगात ती दिसतच नाही. मग दाखवायची कशी? आणि किती पट जोरात ते पण राहिलं.

फिजिक्सवाला_भाऊ:
किती पट हे मी सांगतो, आणि उत्तर ऐकून निराश व्हाल. खोलीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला ५९० मीटरच्या आसपास असतो म्हणजे ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर, विमानापेक्षा जास्त. आता फ्रिजचं ८ डिग्रीचं पाणी घेतलं तर ५७५ आणि ८० डिग्रीचं घेतलं तर ६४५ च्या आसपास. म्हणजे फरक फक्त १२ टक्के! कारण वेग हा तापमानाच्या वर्गमुळावर चालतो आणि तापमान मोजायचं ते केल्विनमध्ये, म्हणजे आपल्या डिग्रीत २७३ मिळवून, ८ डिग्री म्हणजे २८१ आणि ८० म्हणजे ३५३, वर्गमूळ काढल्यावर काही उरतच नाही. चार्टवर "दुप्पट वेग" वगैरे लिहू नका, बरेच जण लिहितात.

पण थांबा, खरी मजा पुढे आहे. वेग १२ टक्केच वाढतो पण विसरणाचा दर ८ पासून ८० डिग्रीपर्यंत जवळपास पाचपट होतो. हे कसं काय? वायूमध्ये रेणूला मोकळं मैदान असतं, द्रवात नसतं. द्रवातला रेणू शेजाऱ्यांच्या गराड्यात अडकलेला असतो, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर माणूस कसा मिरवणुकीत पाय सारखे हलवत असतो, इकडे धक्का तिकडे धक्का, पण तासाभराने बघावं तर त्याच चौकात. तसं रेणू ताशी दोन हजारने पळतोय खरा, पण स्वतःच्या मापाइतकंसुद्धा अंतर न कापता शेजाऱ्यावर आदळतोय आणि परत येतोय. पुढे सरकायचं तर शेजाऱ्यांची पकड सुटून फट मिळाली पाहिजे, आणि पाण्यात तर रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ही पकड सोडवायला ठराविक ऊर्जा लागते, सरासरी रेणूकडे ती नसते, ज्याच्याकडे योगायोगाने त्या क्षणी जास्तीची आली तोच निसटतो. तापमान वाढवलं की सरासरी थोडीच वाढते पण असे जास्तीची ऊर्जा आलेले रेणू भराभर वाढतात, म्हणून निसटण्याचं प्रमाण पटीत वाढतं. त्यामुळे चार्टवर लिहायचंच तर असं लिहा की गरम पाण्यात कण थोडेसेच जोरात पळतात पण सुटून पुढे जायला त्यांना कितीतरी जास्त वेळा वाट मिळते.

हाच प्रकार पाण्याच्या दाटपणात पण दिसतो, ज्याला श्यानता म्हणतात. शून्य डिग्रीला पाण्याची श्यानता १.७९, २० ला १.००, ६० ला ०.४७ आणि १०० ला ०.२८, एकक मिलिपास्कल सेकंद. म्हणजे उकळतं पाणी बर्फाच्या पाण्यापेक्षा सहापटीने जास्त पातळ असतं, डोळ्यांना कळत नाही एवढंच. वायूंचं नेमकं उलटं, हवा तापवली की तिची श्यानता वाढते, पण तो वेगळा विषय.

गुऱ्हाळावरचा:
श्यानता म्हटल्यावर राहवलं नाही. आमचं कोल्हापूरकडं गुऱ्हाळ हाय. काहिलीत रस उकळाय लागला की पाण्यासारखा खळखळतो, मळी काढून झाली, रस आटत आला की गुळव्या फावड्याने नुसता ढवळत असतो आणि त्याची नजर बुडबुड्यांवर, पाण्यात थोडा टाकून गोळी होते का बघतो. शेवटी ११५-१२० डिग्रीला पोचलेला असतो माल, पाणी एवढं कमी झालेलं असतं तरी गरम हाय तोवर धार लागून पडतो आणि तोच निवला की ढेप, कुऱ्हाडीने फोडा. मधे काकवी म्हणून काढली तर गरम असताना बाटलीत भसाभसा जाते आणि थंडीच्या दिवसात बाटली उलटी धरून उभं रहावं लागतं. पाण्याची सहापट म्हणताय ते आमच्या काकवीपुढं काहीच नाही भाऊ. तुमच्या पोरीला स्टॉलवर काकवी ठेवायला सांगा, दोन बाटल्या, एक गरम पाण्यात उभी करून ठेवायची आणि एक बर्फात, दोन्ही एकदम तिरक्या करायच्या. परीक्षक पण खूश आणि नंतर पोळीबरोबर खाता येते.

स्पॅनर_पाना:
गुऱ्हाळवाले भारी. आमच्या गॅरेजचं पण टाकतो मग, गाडीचं इंजिन ऑइल. डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं ना, निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं हे ऑइल थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर घट्ट होतं. असं काही नसतं. कुठलंही ऑइल तापल्यावर पातळच होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत हे २० नंबरच्या ऑइलइतकं वाहतं आणि १०० डिग्रीला ४० नंबरच्या ऑइलइतकं टिकतं, म्हणजे पातळ होतं पण बाकीच्यांपेक्षा कमी होतं. त्यात लांबलचक साखळीचे पॉलिमर घातलेले असतात, थंड असताना ते गुंडाळी करून बसतात आणि तापले की सुटे होऊन पसरतात त्यामुळे ऑइलला अडवून धरतात. इंजिन चालू करून गरम झाल्यावर ऑइल काढतो आम्ही ते पण याचसाठी, पातळ होऊन सगळी घाण घेऊन खाली येतं. थंड इंजिनचं काढलं तर निम्मं आतच चिकटून राहतं.

अकोलावाली:
काकवीचं नक्की करतो 😄 पण कणांची हालचाल स्वतःच दिसेल असं काही आहे का घरी करण्यासारखं?

लॅबवाली_मावशी:
आहे. लोट बंद करायचे मग उरतो तो विसरणच. लोट बंद कसे करायचे, तर पाण्याला जेलीत अडकवायचं. किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं ना, खीर-पुडिंगसाठी वापरतात ते, म्हणजेच अगर. पावडर घेतलीत तर १०० मिली पाण्याला १ ग्रॅम पुरे, उकळून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि तीन सारख्या परीक्षानळ्यांत अर्ध्यापर्यंत ओतून निवू द्यायचं. जेलीत पाणी ९९ टक्के असतं, अगरची जाळी एवढी विरळ असते की रंगाचे रेणू मधून जवळजवळ साध्या पाण्यासारखेच सरकतात, पण पाण्याचा लोट मात्र होऊ शकत नाही. जिलेटिन अजिबात घेऊ नका, ते ३०-३५ डिग्रीला वितळतं, अकोल्यात तर ओट्यावरच पाणी होईल. अगर ४० च्या खाली आल्यावर गोठतो पण एकदा गोठला की ८५ डिग्रीपर्यंत वितळत नाही, म्हणून इथे तोच लागतो.

आता एक नळी फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ६० डिग्रीच्या पाण्यात उभी करा. घाई करायची नाही, तासभर तशाच ठेवा म्हणजे जेली आतपर्यंत त्या त्या तापमानाला येईल. त्यानंतर प्रत्येकीत वरून सारखंच रंगीत पाणी घाला, खायच्या रंगाचं, एकाच वाटीतलं, साधारण बोटभर उंचीचं, आणि जेली जिथे संपते तिथे स्केचपेनने रेघ मारा. तोंड बुचाने बंद. रात्रभर ठेवून सकाळी रंग रेघेच्या खाली किती मिलिमीटर उतरला ते मोजायचं.

अपेक्षा काय ठेवायची ते आधीच लिहून ठेवा, हा भाग परीक्षकांना फार आवडतो. ५ डिग्रीपासून ६० डिग्रीपर्यंत विसरणाचा दर साधारण चौपट होतो, पण अंतर हे दराच्या वर्गमुळावर जातं म्हणून रंग चौपट नाही तर दुप्पट खोल जाईल. खोलीतला मधे, फ्रिजपेक्षा दीडपटीच्या जरा आत. फ्रिजमध्ये १० मिलिमीटर उतरला तर ओट्यावर १४ च्या आसपास आणि थर्मासमध्ये २० च्या आसपास असं गणित येतं. थर्मास रात्रीतून निवेल, त्यामुळे थोडं कमी येईल, तेही लिहा. आणि दुसऱ्या दिवशी रंगाचा वेग मंदावलेला दिसेल, त्याने घाबरू नका, तो वरती सांगितलेला नियमच आहे, दुप्पट अंतराला चौपट वेळ.

फिजिक्सवाला_भाऊ:
मावशींचा प्रयोग एक नंबर. शाळेत मायक्रोस्कोप असेल तर अजून एक जोडा. पिशवीतल्या दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात टाकायचा, त्यातला थेंब काचपट्टीवर, वर कव्हर स्लिप आणि ४० च्या भिंगाखाली बघायचं. दुधातले स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरताना दिसतात, त्यांना पाण्याचे न दिसणारे रेणू चारी बाजूंनी ठोसे मारत असतात. होमोजिनाइज्ड दूध घ्या, त्यातले गोळे बारीक असतात म्हणून जास्त नाचतात, घरच्या गाईच्या दुधातले मोठे गोळे आळशी. फक्त एक बघायचं, सगळे गोळे एकाच दिशेने वाहत जात असतील तर ती थरथर नव्हे, तो परत लोटच आहे, कव्हर स्लिपच्या कडेने पाणी सुकत असतं म्हणून होतो. थोडं व्हॅसलिन कडेला लावलं की थांबतो.

हे पहिल्यांदा नीट अभ्यासलं रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतीशास्त्रज्ञाने, १८२७ मध्ये. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की त्याने परागकण नाचताना बघितले, ते अर्धवट आहे. परागकण तसे नाचायला फार मोठे, त्याने बघितले ते परागकणांच्या आतून निघालेले बारीक कण. आधी त्याला वाटलं जिवंत आहेत म्हणून हलत असतील, मग त्याने निर्जीव वस्तूंची पूड करून बघितली, त्यात इजिप्तच्या स्फिंक्सच्या दगडाचा तुकडासुद्धा होता, ती पण नाचली. कारण सापडायला १९०५ उजाडलं, आइन्स्टाइनने गणित मांडलं की हे रेणूंचे धक्के आहेत आणि तापमान वाढलं, द्रव पातळ झाला की भटकंती किती वाढेल. ते गणित खरं ठरवलं फ्रान्सच्या जाँ पेरँने, त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. आणि कोकणातल्या लोकांसाठी एक चिमूटभर माहिती, पेरँने पाण्यात जे कण घातले ते गॅम्बोज नावाच्या पिवळ्या चिकाचे होते, तो ज्या झाडाचा असतो ते गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाच्या भावकीतलं.

देवगडची_सून:
काय सांगता!! कोकमाचा नातेवाईक नोबेलला 😂 सासूबाईंना सांगते, आगळ दहा रुपयांनी महाग करतील.

सांगलीकर_तिरकस:
ते सगळं ठीक आहे पण परीक्षकाने विचारलं की पुस्तकात तर शाईचा प्रयोग दिलाय, तुम्ही जेली का आणली, तर?

लॅबवाली_मावशी:
तर दोन्ही शेजारी ठेवायचे. ग्लासात शाई बघता बघता पसरते आणि जेलीत त्याच तापमानाला बोटभर उतरायला रात्र जाते, हा फरकच सांगायचा की ग्लासात लोट किती काम करतात आणि कण स्वतः किती. पुस्तकाशी भांडायची गरजच नाही, पुस्तकातलं वाक्य खरं आहे, तिने फक्त ते वेगळं काढून मोजलं.

अकोलावाली:
मंडळी, रिझल्ट टाकते. चायना ग्रासची पट्टी मिळाली, पावडर नव्हती, कापून भिजवून उकळली आणि वजन सोनाराच्या काट्यावर करून आणलं नवऱ्याने (तोच जो म्हणत होता पुस्तकातलं लिही). सकाळी फ्रिजवाल्या नळीत लाल रंग ९ मिलिमीटर उतरला होता, ओट्यावरच्या नळीत १३ आणि थर्मासमध्ये १६. थर्मासचं पाणी सकाळी ४५ वर आलेलं. म्हणजे दुपटीला थोडं कमी पडलं. लेकीने सांगितलं की तापमान सारखं ठेवता आलं असतं तर अजून खोल गेला असता, त्यासाठी ती आता थर्मासचं पाणी दर दोन तासांनी बदलून दिवसा परत करणार आहे आणि मला ड्युटी लावलीये. जेली कडेने सुटून रंग काचेलगत खाली ओघळला एका नळीत, ते कसं टाळायचं?

लॅबवाली_मावशी:
शाब्बास, आकडे छान आलेत. कडेने ओघळलं म्हणजे नळी आतून ओशट होती, साबणाने धुऊन गरम पाण्याने खळबळून घ्या आणि जेली ओतताना नळी पण कोमट ठेवा, गार काचेवर ओतली की कडेला आधी गोठते आणि सुटते. मोजताना काचेलगतचा रंग धरू नका, मधल्या भागाचा धरा. आणि फ्रिजमधली नळी दारात ठेवू नका, दार उघडमिटीने तिथलं तापमान वरखाली होतं, आत मागच्या बाजूला ठेवा.

गुऱ्हाळावरचा:
आणि काकवी??

अकोलावाली:
काकवी आणलीये दादा, पण प्रदर्शनापर्यंत उरेल असं वाटत नाही.